मधलीचं पाणी

फार मागे, ऐनाच्या झाडाच्या एका उंच फांदीवर आमरीचं झुडूप मुळांनी साल धरून राहत असे. मातीचा आधार नव्हता, म्हणून पावसाचं पाणी ते आपल्या दोन जाड गाठींत साठवायचं. एक थोरली गाठ, एक मधली. त्या वर्षी त्यांच्या शेजारी कोवळा कोंब फुटला होता.

माघातच फांदी तापू लागली. थोरली रोज आपलं पाणी कोंबाला देत सुरकुतत गेली. मधलीला धडकी भरली.

"अक्का, तू वाळत चाललीस. मी नाही देणार बाई. मला भीती वाटते."

"भीती मलाही वाटते," थोरली म्हणाली. "पण आपली मुळं म्हातारी झाली, सालीवरची पकड सुटतेय. नवी मुळं त्या कोंबालाच फुटायची आहेत."

चैत्रात थोरली वाळून गेली. मग कोंब मधलीकडे पाणी मागू लागला. सकाळी मागे, दुपारी मागे. मधली घट्ट मिटून बसली. एके दिवशी त्याचं मागणं थांबलं.

वैशाखात वादळ सुटलं. मधलीने फांदी धरू पाहिली, तर मुळं एकेक करून तुटली. ती खाली कातळावर आपटून फुटली. तिने जपलेलं सगळं पाणी तापल्या दगडावर पसरलं आणि बघता बघता वाळून गेलं.