पाटी नसलेला उपदेश

“मास्तर, पाद्री काय म्हणतोय? सांगा की!”

सिनेमाच्या तंबूत चारी बाजूंनी हाच प्रश्न. पडद्यावर एक गोरा पाद्री हात हलवून जीव तोडून काहीतरी सांगत होता, आणि पडद्याशेजारी काठी घेऊन उभा असलेला शांतवन घामाघूम झाला होता.

ही बोलपट येण्याआधीची गोष्ट. तेव्हा चित्रं मुकी असत. मधेमधे पडद्यावर इंग्रजी अक्षरांची पाटी येई. ती वाचून लोकांना मराठीत सांगायला तंबूवाला एक माणूस ठेवी. नगरकडच्या त्या बाजारगावात त्या दिवशी नेमका त्या माणसाचा घसा बसला. खेळ दिवेलागणीला होता. तंबूवाला रहिमानभाई धावत गेला तो ख्रिस्ती मंडळीचे म्हातारे पाळक लूकबाबा यांच्याकडे.

“इंग्रजी जाणणारा एक जण आहे माझ्याकडं,” लूकबाबा म्हणाले. “बोलायला तर फारच आवडतं त्याला.”

तो शांतवन. बायबल शाळेतून नुकताच पहिला नंबर काढून आलेला. लूकबाबा आता थकले होते. येत्या रविवारी मंडळी हात वर करून ठरवणार होती, त्यांच्या जागी शांतवनला घ्यायचं की दुसऱ्या कुणाला. हात वर होण्याआधी जुन्या पाळकानं चार शब्द बोलायचे, ही तिथली रीत. त्या चार शब्दांवर सगळं अडलं होतं.

म्हणून तर शांतवन तंबूत आला. नाहीतर पाळक व्हायला निघालेल्या माणसानं सिनेमाच्या पाट्या वाचायच्या? पण बाबांना नाही कसं म्हणणार...

चित्र गोऱ्यांच्या मुलखातलं. माळरान, घोडे, धूळ. एक बंदूकवाला गावात येतो. गुत्त्याचा मालक त्याला सांगतो, रविवारी लोक आत असतानाच चर्च पेटवून दे. बंदूकवाला निघतो. चर्चच्या दारात येतो, टोपी काढतो... आणि काडी ओढायची सोडून आत शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

“अगं बया, डोकं उघडं केलं त्यानं!” पुढं बसलेली भाजीवाली यसूआत्या ओरडली. “कोण गेलं का काय त्याचं?”

त्या गावात पुरुषाचा पटका डोक्यावरून उतरायचा तो मयतालाच. शांतवनला हसू आलं.

“गोरे लोक मान द्यायला टोपी काढतात, आत्या.”

“आन् पायातलं बूट तसंच ठेवून?”

तेवढ्यात पाद्री बोलायला लागला. तो बोलत राहिला, पण पाटी काही येईना.

“सांगा की मास्तर!”

शांतवनला वाटलं, देवानंच संधी दिली. रविवारी मंडळीपुढं करायचा उपदेश त्याला तोंडपाठ होता. तोच त्यानं गोऱ्या पाद्र्याच्या तोंडी घातला. डोळे मिटले, काठी उंच धरली.

“बंधुजनहो! माणूस आपल्या कर्मांनी तरत नाही! तो तरतो केवळ विश्वासानं! याचे मुद्दे तीन...”

आवाज खणखणीत. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तंबूत एकच हशा उसळला. मुक्या चित्राला साथ करणारा तबलजीसुद्धा तबला सोडून हसत सुटला.

शांतवननं डोळे उघडले. पाद्री केव्हाच गेला होता. पडदाभर घोड्याचं तोंड होतं, आणि घोडा निवांत गवत चघळत होता.

“थांबू नका, घोडेबुवा!” मागून कुणीतरी ओरडलं. “तिसरा मुद्दा राहिला!”

“माझ्या तट्टाला बी पाठवतो रविवारी!”

यसूआत्या तोंडाला पदर लावून हलत होती. खेळ बघायला आलेले लूकबाबा मागच्या रांगेत उपरण्यानं डोळे पुसत होते. हसूनच.

“रीळ पुन्हा लावा! याच्या बोलण्यानं काही बघूच दिलं नाही!”

लोक हटेनात. रहिमानभाईनं रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा यंत्राचा दांडा फिरवायला घेतला.

पुन्हा दार. पुन्हा टोपी. पुन्हा पाद्री.

“हां मास्तर, आता नीट सांगा!”

शांतवननं तोंड उघडलं... पण या वेळी त्याचे डोळेही उघडे होते. बंदूकवाल्याला कळत नव्हतं, टोपी ठेवावी कुठं. त्यानं ती गुडघ्यावर ठेवली, मग बाकावर ठेवली, मग उचलून छातीशी धरली. परक्या घरी जेवायला बोलावलेल्या माणसासारखा तो अवघडून बसला होता. मग त्याची हनुवटी थरथरली.

शांतवननं तोंड मिटलं. काठी खाली ठेवली, आणि पुढच्या रांगेत लोकांतच मांडी घालून बसला.

“अहो, सांगा...” कुणी म्हणालं. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

तबला वाजला नाही. यंत्राची तेवढी घरघर.

“मी म्हणलं नव्हतं?” यसूआत्या हलकेच म्हणाली. “गेलंय त्याचं कुणीतरी. मगाशी काडी घेऊन आला होता ना... तोच गेला.”

कुणी हसलं नाही.

खेळ सुटल्यावर शांतवन आणि लूकबाबा घराकडे निघाले.

“हसं झालं माझं, बाबा. उद्या बाजारभर होईल.”

“उद्या? चहावाला आत्ताच विचारत होता, तो घोडा कुठल्या मंडळीचा म्हणून.”

शांतवनला रागही आला आणि हसूही.

“आत्याला मी पुन्हा समजावणार होतो. टोपी काढणं म्हणजे नुसता मान, मयत नव्हे...”

“मग?”

“तिचंच बरोबर होतं.”

वाटेत खड्डा होता, तिथं लूकबाबांनी शांतवनच्या खांद्याचा आधार घेतला. खड्डा मागं पडला, तरी हात तिथंच राहिला.

“रविवारी मंडळीला माझ्याविषयी काय सांगाल, बाबा? जे खरं असेल ते सांगा.”

“खरंच सांगणार. म्हणेन, या पोरानं तंबूत एक उपदेश केला. इतक्या वर्षांत मी असा ऐकला नव्हता.”

“थट्टा नका करू...”

“थट्टा नाही, लेका.”

शांतवन थांबला. “मग कुठला मुद्दा आवडला तुम्हाला? पहिला? की दुसरा?”

“रीळ पुन्हा लावलं, तेव्हाचा.”