आमेननंतर गाणारा दयाळ

जंगलाच्या कडेला, चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर, चिंचेच्या झाडावर एक खार आपल्या पिल्लांसह राहत होती. मुलांनो, ही खार भारी संशयी. शेजारणीने हसून विचारपूस केली तरी हिला वाटे, 'हिचा डोळा माझ्या चिंचांवर आहे.' स्वतः जागोजागी दाणे पुरून ठेवायची ना, त्यामुळे सगळेच काही ना काही लपवून बसले आहेत, याबद्दल तिला शंका नव्हती.

घंटा ऐकून ऐकून तिथल्या प्राण्यांना प्रार्थनेची सवय लागली होती. सकाळी घंटा झाली की सगळे चिंचेखाली जमत, डोळे मिटत आणि मागायला लागत. "प्रभू, मला कोवळं गवत दे," ससा म्हणे. "प्रभू, माझं शेपटीचं दुखणं बरं कर," मुंगूस म्हणे. त्या उन्हाळ्यात तळे आटले, तेव्हा तर सगळ्यांचे एकच मागणे, "प्रभू, पाणी दे!" मागून झाले की 'आमेन' म्हणून जो तो पळत सुटे. मागे राही तो एकटा दयाळ पक्षी. शेंड्यावर बसून, डोळे टक्क उघडे ठेवून तो देवाची स्तुती गाई.

खारीला हे काही पचेना. 'आमचे घसे कोरडे पडलेत आणि हा देवाची स्तुती करतोय? मिळाल्याशिवाय कोण कोणाची स्तुती करतं? याच्याकडे नक्कीच पाणी आहे!' दयाळ गात असतो तेव्हा त्याची ढोली रिकामी असते, हे तिने हेरले. मग तो गाऊ लागला रे लागला की ही त्याच्या ढोलीत शिरून काड्या उपसू लागे. हाती काहीच लागत नसे. त्यामुळे तर तिचा संशय आणखी बळावला. सापडत नाही, म्हणजे चांगलेच लपवलेले असणार!

इकडे तिच्या धाकट्या पिल्लाने मान टाकली. तहानेने त्याला डोळेही उघडवेनात. त्याच सकाळी दयाळाच्या पायांना ओला चिखल लागलेला तिला दिसला आणि तिचा तोल सुटला.

"थांबा, कोणी जाऊ नका!" ती सगळ्यांसमोर ओरडली. "हा चोर आहे! माझं लेकरू मरायला टेकलंय आणि हा पाणी लपवून बसलाय. बघा त्याचे पाय!"

दयाळ बावरला. "लपवलं? अगं खारूताई, परवापासून मोकळ्या गळ्याने तेच तर गातोय मी. 'प्रभू, पिवळ्या खडकाखाली तू झरा वाहता केलास, तुझी स्तुती असो!' तुम्ही आमेन म्हणून पळता, ते तिकडेच पळता असं मला वाटत होतं!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "पण तुला तो दिसला कसा?" सशाने विचारले.

"रोज स्तुती करायची तर रोज काहीतरी नवं बघावं लागतं," दयाळ म्हणाला. "परवा खडकापाशी फुलपाखरं दिसली. त्यांच्याबद्दल देवाची स्तुती करावी म्हणून जवळून बघायला गेलो, तर ती ओल्या मातीवर बसलेली. तिथेच पाणी झिरपत होतं."

"तू हे गात होतास तेव्हा मी तुझ्या..." खार म्हणू लागली. लाजेने तिचे तोंड एवढेसे झाले. तिने पिल्लाला तोंडात धरले आणि पिवळ्या खडकाकडे धाव घेतली.

पिल्लाने जिभेने पाणी चाटले. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. खारीने सवयीप्रमाणे आजूबाजूला पाहिले. या पाण्यावर हक्क सांगायला कोणी येतंय का? मागोमाग आलेले सगळे पाणी पिण्यात दंग होते. "प्रभू, तुझी स्तुती असो," ती पुटपुटली. मग मागण्यासाठी तिने डोळे मिटले, पण काय मागायचे ते तिला आठवेचना.

तात्पर्य : रोजच्या प्रार्थनेत मागण्याआधी देवाची स्तुती करावी; नुसते मागत राहणाऱ्याला देवाने दिलेले जवळच असूनही दिसत नाही.