चढावरचा अर्धा लिटर

"मोठी मोटार बसवली, तर त्यात चुकलं काय, चाचा?"

शर्वरीने विचारलं. इलाही मिस्त्री चाकाच्या तारा आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शर्वरी इंजिनिअर झालेली. सायकली शिकायच्या म्हणून दोन वर्षांपूर्वी चाचांच्या गॅरेजात आली होती. आता मालनबाईंसाठी तिने विजेवर चालणारी, मालवाहू सायकल बांधली होती. पुढे दुधाचे दोन कॅन बसतील अशी चौकट, मागे मोटार.

मालनबाई वरच्या आळीला दुधाचा रतीब घालायच्या. गेली एकोणीस वर्षं. पण यंदा गुडघ्याने दगा दिला, चढावर सायकल ढकलवेना. आठ दिवस दूध गेलं नव्हतं. आळीतल्या लोकांनी उद्यापर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. नाहीतर पिशवीचं दूध लावणार होते.

दोन मोटारी आणल्या होत्या. एक मोठी, पाचशे वॅटची, मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी. दुसरी तिच्या निम्म्या ताकदीची, पायडलपाशी बसून साखळी ओढणारी, म्हणजे गिअर बदलून जोर वाढवता येणारी.

चाचा म्हणाले होते, दोन्ही बघ. शर्वरीने मोठी बसवून टाकली. लहान मोटार खोक्यातच राहिली.

"कॅनमध्ये पाणी भरून मी चाचणी घेतली," ती म्हणाली. "पाय नुसते फिरवले, जोर लावला नाही. पायथ्यापासून वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चार मिनिटं."

"पाय किती वेळा टेकलास?"

"एकदाही नाही." हे सांगताना तिचा आवाज जरा चढला.

चाचांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, मलाही दाखव. पण लगेच निघू नकोस, मी पुढे होतो.

ते चपला घालून चढाला लागले. मालनबाई बाकड्यावर गुडघा चोळत बसल्या होत्या. त्याही दारापर्यंत आल्या.

थोड्या वेळाने शर्वरी निघाली. सायकल सुरेख चालली होती. अर्धा चढ झाला... आणि तिला ब्रेक दाबावा लागला.

चाचा रस्त्याच्या मधोमध उभे होते. हातात एक पातेलं. समोरच्या घरातून मागून आणलेलं.

"अर्धा लिटर," ते म्हणाले.

"चाचा, पाणी आहे यात."

"पाणीच दे."

तिने पाय टेकला, माप बुडवलं, पाणी ओतलं. चाचा बाजूला झाले.

"हां. चल आता."

शर्वरीने मूठ पिळली. मोटार घुमली. चाक हललं नाही. तिने आणखी पिळली. जळका वास आला, आणि सायकल हळूच मागे सरकायला लागली. चाचांनी चाकामागे दगड लावला.

चढ तिथे सगळ्यात उभा होता खरा. पण वरच्या आळीतली घरंही तिथेच होती.

खालून मालनबाई ओरडून म्हणाल्या, "पोरी, ढकलायचीच असली तर माझी जुनी काय वाईट होती? निदान हलकी तरी होती."

शर्वरी हसली नाही. तिने ब्रेक दाबला, चाकामागचा दगड काढला.

मग सायकल धरून खाली आली. मालनबाईंना विचारलं, घरं किती.

तेवीस, त्या म्हणाल्या. शिवाय पिंपळापाशी शिंदे मास्तर बसलेले असतात. ते दूध घेत नाहीत, पण त्यांच्यापाशी थांबावं लागतं.

शर्वरीने मोठी मोटार काढली. दुपारभर ती लहान मोटार बसवत होती. चाचांनी दोनदा चहा आणून ठेवला.

ऊन उतरल्यावर ती पुन्हा चढावर गेली. चाचा पातेलं घेऊन उभे होतेच. या वेळी थांबण्याआधी तिने खालचा गिअर टाकला. पाणी ओतलं. मूठ पिळली. सायकल जागची सुटली, बैलगाडीसारखी, सावकाश. पुढच्या दाराशी शर्वरी आपणहून थांबली, पुन्हा निघाली. त्याच्या पुढच्याही.

टाकीपर्यंत जाऊन ती चाचांपाशी परत आली. खूश होती. पण मनात काहीतरी राहिलं होतं.

"चढते, चाचा. पण फार हळू. वर पोचायला नऊ मिनिटं लागली, आणि ती थांबण्याचा वेळ सोडून."

चाचांनी पातेल्यातलं पाणी समोरच्या घराच्या दारातल्या तुळशीला घातलं. पातेलं त्या घरच्या बाईंना परत दिलं.

"मालनबाईंना टाकीपर्यंत कुठे जायचंय? त्यांना दारोदार थांबायचंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाईंनी वरच्या आळीला दूध घातलं.