भिंतींना सांगितलेले कीर्तन

मुळा नदीच्या काठी कोळेवाडी नावाचे लहानसे गाव. सुगी सरली की शांतवनबाबा खांद्याला एकतारी अडकवून गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींना भेटायला निघत, आणि कोळेवाडीत त्यांचा मुक्काम ठरलेला असे. तिथले प्रार्थनामंदिर म्हणजे चार दगडी भिंती अन् वर पत्रा, पण ते बाबांनी स्वतः राबून उभे केलेले. त्यांचा नेम एकच होता: प्रभूच्या घरात खुर्ची नको, सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसावे.

या नेमापायीच बिचारे एलियाजी अडचणीत आले. ते तिथले उपदेशक. गळा गोड, स्वभाव त्याहून गोड, पण भांडण म्हटले की अंगाला घाम फुटायचा. एका रविवारी रस्त्याच्या कामावरचे मुकादम थोमाजी घरून खुर्ची घेऊन कीर्तनाला आले. एलियाजींनी हात जोडून ती बाहेर ठेवायला सांगितली. झाले! मुकादम तडकाफडकी निघून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. त्यांच्या हाताखाली काम करणारी घरेही मग येईनाशी झाली. समोर बसायला उरल्या एलियाजींच्या पत्नी सगुणाबाई.

तरी एलियाजी दर रविवारी ती लांबलचक सतरंजी अंथरत आणि झांजा घेऊन उभे राहत. मुकादमांचे घर मंदिराला अगदी खेटून. तिकडे पुढच्या ओट्यावर बसून मुकादम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमचा उपदेशक भिंतींना कीर्तन सांगतोय! भिंती मान डोलवत्यात म्हनं!"

असले ऐकून माणसाने किती दिवस तग धरावा? एलियाजी खचत गेले. आधी अर्धीच सतरंजी उलगडू लागली. मग एका रविवारी ती कोपऱ्यातून निघालीच नाही, कीर्तनही झाले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबा दारात उभे! एलियाजींनी त्यांचे पाय धरले आणि त्यांना रडूच कोसळले.

"बाबा, मला मोकळं करा. भरली मंडळी माझ्या हातून विस्कटली."

"एलिया, तुला या कामाला बोलावलं कोणी?"

"प्रभूनं."

"मग मोकळं करणारा मी कोण रे? आणि त्यानं तुला सांगायला ठेवलंय, का डोकी मोजायला?"

"पण ऐकायला कुणीच नाही, बाबा!"

"हे तुला कुणी सांगितलं?" बाबा हसून म्हणाले. "ऊठ, सतरंजी काढ. आणि सगळी उलगड."

एवढ्यात सगुणाबाई धावत आल्या. मुकादमांच्या आई मार्थाबाई मंदिराच्या भिंतीला लागून असलेल्या मागच्या खोलीत बाजेवर पडून होत्या. लकव्याने त्यांची वाचा गेली होती. पंधरवड्यापासून त्यांनी अन्न टाकलेले, आणि आज तर पाण्याचा घोटही घेईनात. "डॉक्टरांनी हात टेकले. मुकादम उशाशी बसून ल्हान पोरावानी रडत्यात," सगुणाबाई म्हणाल्या.

एलियाजींनी सतरंजी उलगडली, पण झांजा काही उचलल्या नाहीत. "शेजारी जीव जातोय बाबा, आणि मी झांजा वाजवू? मुकादम काय म्हणतील?"

"प्रभू काय म्हणेल ते बघ," बाबा म्हणाले. "आज आवाज चढवूनच गा." आणि ते सतरंजीच्या मधोमध श्रोता होऊन बसले.

एलियाजींनी डोळे मिटले. आता कोणी हसो, कोणी मारायला येवो, गायचेच, असा त्यांनी निश्चय केला. पहिली ओळ हळूच निघाली. त्यांनी ती पुन्हा, मोठ्याने उचलली.

"धर माझा हात, येशू, वाट नाही ठावी..."

ध्रुपद फिरून आले, आणि भिंतीपलीकडून एक चिरका, थरथरता आवाज त्यात मिसळला. "धर माझा हात, येशू..." सगुणाबाईंची टाळी जागच्या जागी थांबली. मार्थाबाई गात होत्या! देवा, काय तुझी करणी! एलियाजींचे डोळे वाहू लागले, पण त्यांनी गाणे सोडले नाही.

थोड्या वेळाने मुकादम अनवाणी दारात आले. "बाबा, आई बोलली! पानी पिली!" त्यांनी एलियाजींकडे पाहिले. "मला म्हनली, दोन ऐतवार एलिया गप का होता? त्याच्या गान्यावरच मी जगत हुते. अन् म्या ओट्यावर बसून त्याला हसत हुतो, बाबा!"

ते बाबांच्या पायांवर पडू लागले. बाबांनी त्यांना वरच्यावर धरले. "माझ्या पाया पडू नका. ज्याचं कीर्तन, त्याच्यापुढं वाका." मग मिस्कीलपणे म्हणाले, "बसा मुकादम. खुर्ची मागवू का?"

"नगं बाबा, लाजवू नगा," म्हणत मुकादम सतरंजीवर बसले आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवले. एलियाजींनी पुढचे पद धरले.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी पहार घेतली आणि बाबांच्या परवानगीने त्या मधल्या भिंतीत आपल्या हाताने खिडकी पाडली. आईच्या बाजेच्या उंचीची, अगदी बुटकी. पुढच्या रविवारी सतरंजी माणसांनी भरली, आणि कीर्तन सुरू होण्याआधी आईला नीट ऐकू येते ना, हे पाहायला थोमाजी मुकादम त्या खिडकीशी खाली वाकले.