पारायणाचा गालिचा

“…आणि मग गालिचा धुवायच्या या चारांतली खरी पद्धत कोणती म्हणायची?”

माईंनी विचारलं आणि हातातली वात वळायची थांबवली.

रेणुकाला हाच प्रश्न हवा होता. सांगलीत गालिचे धुण्याचा तिचा चांगला दहा वर्षांचा व्यवसाय. हाताखाली सहा बायका, दोन यंत्रं. पण मठात आली की ती माईंची धाकटी शिष्या. गुरुमाउलीनं आपल्या कामाचं काही विचारावं, याहून मोठा प्रसाद तो कोणता?

ती सरसावून बसली.

“तसं ते गालिच्यावर असतं, माई. वाफेचं यंत्र गरम पाणी आत मारतं आणि मळासकट परत ओढून घेतं. अगदी बुडापासून साफ होतं, पण वाळायला दोन दिवस. कोरडी पावडर भुरभुरवून ओढून घेतली, तर तासाभरात माणसं बसवा. पण मुरलेला डाग काही हलत नाही. फेसाची पद्धत मधली. शाम्पूचा फेस ब्रशनं फिरवायचा, की मळ सुटतो, रंग खुलतो. आणि चौथी आपली जुनी. उन्हात उलटा टाकायचा नि काठीनं झोडपायचा.”

“ती मला येते,” माई म्हणाल्या. “लग्नाआधी आत्याबाईंकडची जाजमं मीच झोडपायची. राग कुणाचा का असेना, निघायचा जाजमावर. जाजम स्वच्छ आणि मीही स्वच्छ.”

रेणुका खळखळून हसली. हसता हसता तिची नजर खाली गेली आणि हसू जागच्या जागी विरलं.

मठातला हा लाल लोकरी गालिचा तिनं स्वतः धुतला होता. पारायण बसायच्या आदल्या दिवशी. त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. आणि आता दारापासून माईंच्या बैठकीपर्यंत करड्या रंगाचा एक पट्टा उमटला होता. जशी पायवाटच.

“मेलं हे काय झालं!” ती पुटपुटली. “माई, राग मानू नका, पण येणाऱ्यांना पाय धुऊन यायला सांगत चला.”

“धुऊनच येतात गं बिचारे. दारात बादली ठेवलीय.”

“मग नीट पुसत नसतील.”

“नसतील,” माई म्हणाल्या, आणि पुन्हा वात वळू लागल्या.

बाहेर श्रावणसर येऊन गेली होती. पागोळ्या अजून टपटपत होत्या.

“आज तू गालिच्यासाठी नाही आलीस, रेणू.”

रेणुकानं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“परवा सासूबाईंचं वर्षश्राद्ध. मंदा यायला नाही म्हणते.”

मंदा तिची धाकटी जाऊ. एकाच मांडवात दोघी त्या घरात आल्या होत्या. पंधरा वर्षं एका ताटात जेवल्या. गेल्या श्रावणात मंदा माहेरी मंगळागौरीला गेली, रात्रभर खेळली, आणि सकाळी तिचा फोन बंद. इकडे सासूबाईंनी ‘मंदा कुठाय गं, मंदा कुठाय’ असं म्हणत म्हणतच डोळे मिटले. मंदा पोचली तेव्हा अंगण सारवून झालं होतं.

“पण मी तिला कधी एक शब्द लागेलसा बोलले नाही, माई. तुमच्या पायाची शपथ. उलट मी माफ केलं. मनापासून केलं. दिवाळीला घरातल्या सगळ्यांसमोर तिला म्हटलं, बाई गं, मी मनात काही ठेवलेलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चारचौघींत जवळ घेतलं, म्हटलं, झालं गेलं, मी विसरले. चैत्रातसुद्धा…”

“चैत्रातसुद्धा?”

“हो. तेव्हाही सांगितलं.”

“मग काय म्हणाली ती?”

रेणुकानं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

“काल फोनवर म्हणते, ताई, एकदा चार शिव्या द्या हो मला, पण ही माफी आता पुरे करा… आणि ठेवूनच दिला फोन.”

माईंनी हातातली वात खाली ठेवली.

मग हात टेकत उठल्या. देवापुढचा तांब्या उचलला. रेणुका “अहो माई, काय हवंय, मी देते ना” म्हणेपर्यंत त्यांनी ओंजळभर पाणी त्या करड्या पट्ट्यावर ओतलंसुद्धा.

“अगंबाई! माई, लोकर आहे ती!”

माई खाली बसल्या. पाणी पडलं होतं तिथं तळहातानं चोळू लागल्या. हळूहळू. तान्ह्या बाळाच्या टाळूला तेल चोळतात, तशा.

बोटांच्या मधून पांढरा फेस वर आला.

त्यांनी तळहात रेणुकापुढे धरला.

“हा कुठला मळ गं?”

“हा मळ नाही, माई. हा…” ती अडखळली. “हा माझा शाम्पू.”

“अजून आत आहे?”

“तुमचा गालिचा म्हणून मी दुप्पट घातला होता. वासाचासुद्धा. म्हटलं, माईंच्या पायाखाली जायचाय. आणि श्रावणात वाळत नाही, दुसऱ्या दिवशी पारायण, म्हणून मग पाण्याचा हात आवरता घेतला.”

“प्रेमानं घातलास.”

“हो ना.”

“आणि धूळ?”

रेणुका त्या हाताकडे पाहत राहिली. आपल्या हाताखालच्या बायकांना ती रोज बजावायची, शाम्पू आत राहिला की तोच धूळ धरतो, बोटाला चिकट लागायचं थांबेपर्यंत पाणी फिरवा गं. रोज. अगदी रोज.

“…धूळ त्यालाच चिकटली, माई.”

पागोळ्या थांबल्या होत्या.

तिनं पदर खोचला. न सांगता मोरीतून बादली भरून आणली, एक जुना पंचा बुडवला, पिळला आणि पट्ट्यावर दाबला. उचलला, पिळला, पुन्हा दाबला. दाराच्या बाजूनं सरकत सरकत ती माईंच्या बैठकीकडे येत होती. पहिली बादली दुधासारखी पांढरी झाली. दुसरी ताकासारखी. तिसरीत फेस कमी आणि गढूळपणा जास्त. चौथीला तिच्या डोळ्यांतलं पाणीही पंच्यावर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

पाचव्या बादलीचा तळ दिसला.

तिनं बोट फिरवून पाहिलं. चिकट लागलं नाही.

माई शेजारीच बसून होत्या. त्यांनी आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं, जसं शाळेतून भिजून आलेल्या लेकीचं पुसतात.

“मंदाला काय म्हणू, माई?” रेणुकानं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. “आता काही म्हणायलाच भीती वाटते.”

“श्राद्धाला खीर करशील ना?”

“करीन ना.”

“मग तिला विचार, सासूबाईंना खिरीत साखर आवडायची की गूळ.”

रेणुका गोंधळली.

“पण माई… ते तर मला ठाऊक आहे.”

माईंनी ओला पंचा तिच्या हातातून काढून घेतला.

“असू दे ठाऊक. तू विचार.”