पाडव्याची गूळतुला

एका बाजारगावात मलकाप्पा नावाचा गूळ-धान्याचा एक व्यापारी होता. शाळेत तो जेमतेम चार यत्ता टिकला. पुढचं सगळं त्याला तराजूनं शिकवलं. दुकानाच्या आढ्याला टांगलेल्या त्या मोठ्या तराजूवर त्याची देवासारखी श्रद्धा. "माणूस चुकेल, माझा काटा चुकायचा नाही," हे त्याचं बोलणं गावाला पाठ होतं.

त्याच्या हुशारीचा एक किस्सा तर सगळ्यांना ठाऊक. एकदा तुरीचं एक पोतं पाच दिवस भिंतीला टेकून पडलं होतं. पुन्हा जोखलं तर चार किलो जास्त भरलं. त्याचा भागीदार हसून म्हणाला, लक्ष्मी आली घरी. मलकाप्पा हसला नाही. त्यानं पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून काळी, कुजलेली तूर मूठभर वर काढली. "पडून राहिलेलं धान्य सुकतं, घटतं," तो म्हणाला. "पाच दिवसांत वाढलं ते धान्य नव्हे, पाणी."

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्याच्या सुनेला, महादेवीला, सातवा महिना लागला. घरातलं पहिलंच नातवंड. मलकाप्पानं गावभर सांगून टाकलं की पाडव्याला सुनेची गूळतुला करणार आणि तो गूळ घरोघर वाटणार. वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली, तेव्हा त्यानं सुनेला पारड्यात बसवून अंदाज घेतला. दहा-दहा किलोच्या सहा ढेपी लागल्या. काटा बरोबर मधोमध. त्याच सहा ढेपी त्यानं हळदकुंकू लावून बाजूला ठेवल्या.

मग फराळाचा मारा सुरू झाला. सासू नागरबाई मायेची बाई, पण तिची माया ताटात मावत नसे. "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा," म्हणून ती वाढतच राही. त्यात शेजारणींची ताटं. आलेलं ताट न चाखता परत करणं म्हणजे त्या घराचा अपमान, अशी तिथली रीत. महादेवी प्रत्येक ताटातली चकली, शेव, करंजी चाखत होती आणि तिच्या हातची करंजी तेलात फुटत नाही म्हणून दिवसभर कढईपाशी उभीही राहत होती.

डोकं दुखतंय म्हणाली, तर सासूनं तळणीच्या धुरावर ढकललं. पाय सुजले, तर उभं राहून सुजले असतील. तोंड भरून आलं, तर ते गर्भारपणाचं तेज. धनत्रयोदशीला नर्सबाई तपासणीची आठवण करायला दारात आली. नागरबाईनं तिच्या हातात चिवड्याची पुडी ठेवली आणि सणासुदीला दवाखान्याची पायरी नको, पाडवा होऊ दे, असं सांगून वाटेला लावलं. मलकाप्पा तिथंच उभा होता. त्यालाही ते पटलं.

पाडव्याच्या सकाळी दुकानापुढं गल्ली लोटली. महादेवी नवं लुगडं नेसून पारड्यात बसली. दुसऱ्या पारड्यात सहा ढेपी चढल्या.

सुनेचं पारडं जमिनीवरून हललंच नाही.

लोक हसले. "अप्पा, घरच्या सुनेलाही मापात मारता व्हय?" एक म्हातारा म्हणाला, आणि हशा आणखी वाढला. मलकाप्पाही हसत हसत वजनं टाकू लागला. एक किलो. दोन. तीन. चौथ्या किलोला काटा मध्ये आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नागरबाईनं कौतुकानं सुनेच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मलकाप्पाचा हात मात्र वजनावरच थिजला. पाच दिवस. चार किलो.

त्यानं सुनेला उतरायला लावलं, दोन्ही पारडी रिकामी केली, काटा तपासला. बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपला काटा खोटा निघावा.

त्यानं खाली पाहिलं. महादेवीची जोडवी बोटांत रुतून दिसेनाशी झाली होती.

"हिच्या पायावर अंगठा दाब," तो बायकोला म्हणाला.

नागरबाईनं दाबला आणि उचलला. ओल्या गुळात पडावा तसा खड्डा पडला, आणि तो भरून येईना.

"अप्पा," महादेवी हळूच म्हणाली, "सकाळपासून डोळ्यांपुढं काजवे चमकतात. सणाचं कशाला बोलायचं, म्हणून गप्प राहिले."

नागरबाई कशीबशी म्हणाली की तुला अर्धवट सोडली तर अपशकुन होईल, निदान ओवाळून तरी घेऊ.

"तूर कुजल्यावर ओवाळणार आहेस काय?" मलकाप्पा म्हणाला. ओवाळणीचं तबक त्यानं बाजूला सारलं आणि मुलाला जीप काढायला सांगितली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी चढलेला रक्तदाब पाहिला आणि त्यांचाच चेहरा उतरला. "आज संध्याकाळपर्यंत झटके आले असते," त्या म्हणाल्या. "मग आई की बाळ, कोण हाती लागलं असतं, मला सांगता आलं नसतं."

नागरबाईनं विचारलं, "माझ्या चकल्यांनी झालं का हे?"

"चकल्यांनी झालं असं नाही, बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. " चकल्यांखाली झाकलं गेलं."

महादेवीला दवाखान्यातच ठेवून घेतलं. औषधं, विसावा, साधं जेवण, रोज सकाळी रक्तदाब. मार्गशीर्षात, दिवसांच्या आधीच, मुलगी झाली. दवाखान्याच्या काट्यावर ती जेमतेम दोन किलो भरली. आई आणि लेक, दोघी जिवंत होत्या. तो इवलासा आकडा मलकाप्पा कितीतरी वेळ पाहत राहिला.

सहा ढेपी बारशाला वाटल्या. गुळाबरोबर नागरबाई घरोघर एकच निरोप देत गेली: पोटुशी बाई ताट न चाखता परत करील, तर राग धरू नका, आणि नर्सबाई आली, तर तिला चिवडा देऊन घालवू नका.

तात्पर्य: दोन जिवांच्या बाईला दुप्पट वाढू नये, तिच्याकडे दुप्पट लक्ष द्यावं, सण पुढच्या वर्षी परत येतो, हुकलेली तपासणी परत येईलच असं नाही.