लोटलेलं दार

खाडीकाठच्या एका गावात एक तेली राहत होता. तो यहुदी होता. त्याचा घाणा सहा दिवस फिरे आणि शनिवारी, त्याच्या धर्मातल्या विसाव्याच्या दिवशी, थांबे. त्या दिवशी त्याच्या घरात चूल पेटत नसे. त्याचा हरण्या बैलसुद्धा दिवसभर बसून रवंथ करी. म्हणून गाव त्याला ‘शनवार तेली’ म्हणे. काही जण प्रेमाने म्हणत, काही जण नाक मुरडून.

एका वर्षी गावात जुलाबाची साथ आली. मुलं अंथरुणाला खिळली. त्याच सुमारास आलेला एक फेरीवाला बांगड्या दाखवता दाखवता म्हणाला, “हे यहुदी शनिवारी दार लावून काय करतात, पाहिलंय का कोणी? विहिरीत काहीतरी टाकत असणार. ही जातच तशी.”

फेरीवाला पुढच्या गावी गेला. त्याचं बोलणं मात्र इथेच राहिलं. लोक तेल दुसरीकडून आणू लागले. तेलीण समोरून आली की बायका वाट बदलू लागल्या. शेवटी एका गुरुवारी पाटलांनी तेल्याला पारावर बोलावलं.

“परवा शनिवारी सगळ्यांसमोर घाणा फिरव,” पाटील म्हणाले. “म्हणजे तू आमच्यातला, हे पटेल. नाहीतर बिऱ्हाड उचल.”

तेल्याने मान खाली घातली नाही. “पाटील, माझ्या आज्याने या गावात घाणा बसवला. तो शनिवारी फिरणार नाही. मी बिऱ्हाड उचलीन. पण तेही रविवारी.”

कोणीतरी हसलं.

कुंभाराची मुलगी डोक्यावर कळशी घेऊन कडेला उभी होती. चारचौघांत ती कधी बोलत नसे. आताही तिचे पाय लटपटत होते. कळशीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं.

“शनिवारी त्यांची कळशी विहिरीवर येतच नाही,” ती म्हणाली. “शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ते पाणी भरून ठेवतात. मी रोज विहिरीवर असते.”

“मग दार लावून काय करतात?” मागून एकाने विचारलं.

“दार लावलेलं नसतं, काका. नुसतं लोटलेलं असतं. कोणी ढकलून बघितलंच नाही.”

“बरं, मग पाणी नासलं कशानं?” पाटील म्हणाले.

मुलीने कळशी खाली ठेवली. “तुमच्या गोठ्याची मोरी फुटली आहे, पाटील. शेणाचं पाणी विहिरीकडे झिरपतं.”

सगळे जाऊन पाहतात तो खरंच तसं होतं.  पाटलांनी स्वतः कुदळ उचलली आणि मोरी दुरुस्त करायला घेतली.

शुक्रवारी विहीर उपसायला घेतली. न बोलावता तेली हरण्याला घेऊन आला आणि मोटेला जुंपून दिवसभर राबला. सूर्य कलला तरी पाणी संपलं नव्हतं, आणि दिवस मावळताच तेल्याचा शनिवार सुरू होणार होता. तेली थांबून पाटलांकडे बघू लागला.

“सोड हरण्याला,” पाटील म्हणाले. “घरी जा, तेलीदादा. उद्या आम्ही ओढू. आणि कालचं माझं बोलणं पोटात घाल.”

शनिवारी पाटलांनीच दोर ओढला. दुपारी त्यांनी तेल्याच्या दाराला हात लावला. दार उघडलं. आत तेलीण मुलांना आदल्या दिवशीची थंड भाकरी वाढत होती. तिने पाटलांसाठी पाट मांडला.

आजही बाजारात त्या गावच्या माणसाला कोणी गाव विचारलं, तर तो छाती पुढे काढून सांगतो, “आम्ही शनवार तेल्यांच्या गावचे.”

तात्पर्य: कोणाविषयी वाईट मानण्याआधी त्याचं दार ढकलून पाहावं; आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्याने पाय लटपटले तरी बोलावं.